प्रागचे चार दिवस: यादी नंतर, वार आधी

प्रागचा बेत आखताना बहुतेक जण ठिकाणांची यादी घेऊन बसतात. किल्ला, दगडी पूल, खगोलीय घड्याळ, ज्यूंची जुनी वस्ती, जमलं तर शहराबाहेरचं एखादं गाव. यादी बरोबरच असते, बेत फसतो तो वारांवर. योसेफोव या जुन्या ज्यू वस्तीतल्या संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी शनिवारी बंद. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथिड्रलमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश. राष्ट्रीय कलादालन सोमवारी बंद. म्हणजे शुक्रवारी रात्री निघून सोमवारी परत, हा आपला नेहमीचा जोडसुट्टीचा हिशेब इथे नेमका उलटा पडतो.

त्यापेक्षा बुधवारी दुपारपर्यंत उतरावं आणि सोमवारी निघावं. मधले गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार हे चार पूर्ण दिवस मिळतात आणि प्रत्येक दिवसाला त्याचं ठिकाण आपोआप चिकटतं.

तारखा पक्क्या करण्याआधी चेक सुट्ट्याही बघून घ्या. २०१६पासून तिथे कायदा आहे: १ जानेवारी, ईस्टरनंतरचा सोमवार, ८ मे, २८ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबर या दिवशी २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं बंद, आणि २४ डिसेंबरला दुपारी बारापासून बंद. हॉटेलात नाश्ता नसेल आणि सुपरमार्केटच्या दही-पावावर सकाळ काढायची असेल, तर हे आदल्या दिवशी कळलेलं बरं.

उजेडाचा हिशेबही वेगळा. जूनमध्ये सूर्य पाचच्या आधी उगवतो आणि रात्री सव्वानऊला मावळतो. डिसेंबरात तो आठच्या सुमारास येतो आणि चारला गेलेला असतो. नाताळचा बाजार बघायचा म्हणून डिसेंबर निवडणाऱ्यांनी दिवसाला तीनऐवजी दोनच गोष्टी धराव्यात. गर्दी, भाडं आणि हवा या तिन्हींचा मेळ मला तरी एप्रिलच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बरा वाटतो.

आता व्हिसा. चेक प्रजासत्ताक २१ डिसेंबर २००७पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत चालतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली तरी ती पंचेचाळीसपर्यंत लांबू शकते. शिवाय अपॉइंटमेंट मिळण्यात जाणारे दिवस यात धरलेले नाहीत. मे-जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच कामाला लागा. शुल्क ११ जून २०२४पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहा वर्षांखालच्यांना माफ. व्हिसा केंद्र चालवणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क वेगळं.

अर्ज कोणाकडे करायचा, यावर हमखास गोंधळ होतो. ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे. प्राग चार रात्री आणि व्हिएन्ना दोन असेल तर चेककडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्या देशाकडे. विमान व्हिएन्नाला उतरतं म्हणून ऑस्ट्रियाकडे अर्ज, हे बरोबर नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. इथे एक बारीक चूक होते. मुंबईहून रात्री उशिरा निघायचं म्हणून विमा दुसऱ्या दिवसापासून घेतला जातो आणि परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असलं की शेवटचा दिवस विम्याबाहेर पडतो. घर सोडण्याच्या तारखेपासून घरी पोचण्याच्या तारखेपर्यंत विमा घ्यावा, वर एक-दोन दिवस जास्तीचे. दोन दिवसांच्या हप्त्याने कोणी बुडत नाही.

कागदपत्रांत अडतं ते बहुतेक वेळा एखादा कागद नसल्यामुळे नाही, कागद एकमेकांशी जुळत नसल्यामुळे. रजेच्या पत्रात १० ते १५ तारीख, हॉटेल १० ते १४, विमान १६ला. किंवा खात्यात वर्षभर चाळीस हजारांच्या आसपास शिल्लक आणि अर्जाच्या आठवड्यात एकदम चार लाख जमा. ती रक्कम खरोखर आईवडिलांनी दिलेली असेल, तर तसं पत्र आणि त्यांचं बँकेचं उतारापत्रक जोडावं. हॉटेल मोफत रद्द करता येईल असंच धरावं. सगळे कागद तारखांच्या क्रमाने टेबलावर मांडून कोणा तिसऱ्याला वाचायला द्या. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

मुंबईहून प्रागला थेट विमान नाही. दुबई किंवा दोहाहून गेलात तर पासपोर्ट तपासणी प्रागला होते. फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा व्हिएन्नाहून गेलात तर ती तिथेच होते आणि प्रागला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. सीमेवरची नवी संगणकीय नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो आणि नोंद होते, त्यात रांग लांबते. युरोपात विमान बदलायचं असेल तर मधे सव्वा तासाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, अडीच तास ठेवा.

राहायची जागा निवडताना नकाशावर जुन्या चौकाच्या शेजारची खूण मोहात पाडते. तिथे रात्री उशिरापर्यंत गलका असतो आणि रस्ते चौकोनी दगडांचे, त्यावरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे हाताला कंप. मेट्रोच्या ए मार्गावर नाम्येस्ती मीरूच्या आसपासचा विनोह्रादी भाग किंवा बी मार्गावरचं कार्लीन बघा. मध्यभाग दहा मिनिटांवर, आणि जेवणाच्या जागा स्थानिक लोकांच्या. जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही आणि तिथला पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्यावरचा. बुकिंगच्या रकमेशिवाय शहराचं मुक्कामशुल्क माणशी दर रात्री ५० कोरुना (तिथलं चलन) लागतं, अठरा वर्षांखालच्यांना नाही. अनेक ठिकाणी ते वेगळं भरून घेतात.

पत्ता शोधताना आणखी एक गंमत. प्रागमध्ये प्रत्येक घराच्या दारावर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी. लाल पाटीवरचा आकडा त्या भागातल्या घरांच्या नोंदवहीतला, आणि तो शेजारच्या घराच्या आकड्याशी क्रमाने लागत नाही. निळा आकडा रस्त्यावरचा क्रम, एका बाजूला सम, दुसरीकडे विषम. पत्त्यात दोन्ही तिरप्या रेघेने जोडून लिहितात, आधी लाल, मग निळा. म्हणजे ११२४/१७ लिहिलं असेल तर रस्त्यावर चालताना सतरा शोधायचं. बुकिंगमध्ये एकच मोठा आकडा दिला असेल तर तो बहुधा लाल असतो, आणि माणसं बॅगा घेऊन त्याच रस्त्यावर तीन फेऱ्या मारतात.

विमानतळावरून शहरात यायला ५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनला सोडते, तिथून मेट्रो ए. कार्लीनकडे जाणाऱ्यांना १०० क्रमांकाची बस झ्लिचीनपर्यंत आणि पुढे मेट्रो बी. तिकीट वेळेच्या हिशेबाने मिळतं, अंतराच्या नाही. तेच तिकीट बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे चालतं. चार दिवसांसाठी ७२ तासांचं एक आणि २४ तासांचं एक घेतलं की विषय संपला.

कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदाच छापून घ्यायचं असतं. मेट्रोला आपल्यासारखे अडवणारे दरवाजे नाहीत. जिन्याच्या तोंडाशी हे यंत्र उभं असतं आणि घाईत माणूस त्याच्या शेजारून सरळ खाली उतरतो. तपासनीस साध्या कपड्यांत, नेमके जिना संपतो तिथे. तिकीट विकत घेतलेलं आहे पण छापलेलं नाही, हे त्यांच्या लेखी बिनतिकीटच. मोबाइलवरचं तिकीटही घेतल्याक्षणी चालू होत नाही, थोडा वेळ जातो. डब्यात चढून मग बटण दाबणं चालणार नाही. ट्राममधल्या यंत्राला कार्ड टेकवून काढलेलं तिकीट मात्र छापलेलंच निघतं.

पैशांत पहिली आठवण ही ठेवायची: चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात २००४पासून असलं तरी तिथे चलन कोरुना. काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या सोयीचा. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी वापर चालू केलाय ना ते बघा. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत कापू का कोरुनात. रुपये बघून बरं वाटतं, पण तो दर यंत्रवाल्याचा, बँकेच्या दरापेक्षा बराच वाईट. नेहमी कोरुना निवडा. एटीएमही एखाद्या बँकेच्या भिंतीतलं बघा, गल्लीच्या तोंडाशी उभं असलेलं रंगीत खोकं नव्हे.

रोख बदलताना ‘कमिशन नाही’ ही पाटी खरीच असते, पैसे दरातच कापलेले असतात. आधी विचारा, शंभर युरोंचे हातात किती? चुकून फसलातच, तर कायदा मदतीला आहे: १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर उलटवता येतो. त्यासाठी पावती लागते, ती खिशात ठेवा.

बुधवारी संध्याकाळी दमलेल्या अंगाने जुन्या चौकात जावं. खगोलीय घड्याळाचा सगळ्यात जुना भाग १४१०चा, कादानच्या मिकुलाश या घड्याळजीचा. दर तासाला, सकाळी नऊ ते रात्री अकरा, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराचा खेळ, आणि त्यासाठी शेकडो माणसं मोबाइल उंचावून उभी. खरं सांगायचं तर तो बघून बरेच जण हिरमुसतात. गर्दी पांगली की दहा मिनिटं थांबा आणि तबकडी वाचा, कारण पंचांग बघत वाढलेल्या माणसाला ती इतरांपेक्षा लवकर कळते.

आतली, मध्यापासून बाजूला सरकलेली कडी राशींची. सोनेरी सूर्य लावलेला काटा त्या कडीला जिथे छेदतो, ती सूर्याची रास. दुसऱ्या काट्यावर चंद्राचा गोळा, अर्धा काळा, अर्धा चंदेरी, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिलंत तर सूर्याची रास जुळणार नाही: घड्याळ सायन पद्धतीचं, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजणारं, तिथे सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत जातो, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं पंचांग ते १४ एप्रिलच्या सुमारास सांगतं. तिथी मात्र अंदाजे जुळते. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं अंतर, आणि दोघेही सारखेच सरकलेले असल्यामुळे वजाबाकीत फरक उरत नाही. सूर्याच्या राशीपासून चंद्राच्या राशीपर्यंत मोजा आणि एका राशीला अडीच तिथी धरा. चंद्र तीन राशी पुढे असेल तर साडेसात, म्हणजे शुद्ध अष्टमी चालू. सगळ्यात बाहेरच्या काळ्या कडीवरचे सोनेरी अंक जुन्या बोहेमियन वेळेचे. तिथे चोवीस तास सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून ती कडी वर्षभर मागेपुढे सरकत असते.

गुरुवार किल्ल्याचा. चढ ट्रामने, उतार पायी, हा नियम ठेवला तर गुडघे दुवा देतील. २२ क्रमांकाच्या ट्रामने प्राझ्स्की ह्राद या थांब्यावर उतरा. हीच ट्राम पाकीटमारांचीही आवडती आहे, पाठीवरची सॅक पोटाशी घ्या. आत शिरताना सुरक्षा तपासणी असते. आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते कॅथिड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जचं चर्च आणि सोनारांची गल्ली म्हणून ओळखली जाणारी लहान घरांची ओळ, यांत शिरायला. इमारती नऊला उघडतात. उन्हाळी हंगामात पाचला, नोव्हेंबर ते मार्च चारला बंद होतात.

नऊला पहिल्यांदा कॅथिड्रलच, कारण दहा वाजता त्याची रांग अंगणभर वळसे घेते. पायाभरणी १३४४ची आणि पूर्ण झालं १९२९मध्ये. डावीकडची तिसरी मोठी काच चित्रकार आल्फोन्स मुखाची, सकाळी बघण्यासारखी. दक्षिण मनोऱ्याच्या २८७ पायऱ्या आणि तिकीट वेगळं. मग जुना राजवाडा. त्यातल्या व्लादिस्लाव सभागृहात घोडेस्वारांचे सामने होत, म्हणून त्याला घोडे चढतील असा रुंद, बुटक्या पायऱ्यांचा जिना आहे. शेजारच्याच दालनाच्या खिडकीतून १६१८मध्ये बादशहाचे अधिकारी खाली फेकले गेले आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. बारा वाजता पहिल्या अंगणात वाद्यांसह पहारा बदलतो. तो बघायचा असेल तर पावणेबाराला जागा धरा, नसेल तर तीच वेळ सोनारांच्या गल्लीसाठी उत्तम, गर्दी तिकडे वळलेली असते. बाहेर पडताना पूर्वेकडच्या जुन्या पायऱ्यांनी मालोस्त्रान्स्का स्टेशनला उतरा.

शुक्रवारी दिवस उजाडताना दगडी चार्ल्स पूल. राजा चौथ्या कारेलने (चार्ल्सने) १३५७मध्ये बांधायला घेतलेला, ५१६ मीटर लांब, जेमतेम दहा मीटर रुंद, सोळा कमानींचा, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. बरेचसे पुतळे आता प्रतिकृती आहेत. सकाळी दहानंतर इथे खांद्याला खांदा लागतो. त्यानंतर सरळ योसेफोव. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० बोहेमियन आणि मोराव्हियन ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत: आडनाव, नाव, जन्मतारीख, शेवटची कळलेली तारीख. वर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं. इथे घाई करू नका. शेजारच्या दफनभूमीतला सर्वांत जुना दगड १४३९चा. जागा मिळेना म्हणून एकावर एक थर चढत गेले, त्यामुळे दगड दाटीने, वाकडेतिकडे उभे दिसतात. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, खिशात टोपी ठेवा. जुनं-नवं सिनेगॉग, तेराव्या शतकातलं, शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, आधी लवकर मिटतं. म्हणून हे सगळं दुपारच्या आत.

शनिवारी शहर गर्दीने फुगतं, तेव्हा आपण बाहेर पडायचं. ह्लावनी नाद्राझी या मुख्य स्टेशनातून कुतना होराला रेल्वेने साधारण तास लागतो. चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं हे गाव. सुमारे ४०,००० माणसांची हाडं रचलेलं सेडलेत्सचं चर्च कुतना होराच्या मुख्य स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, मूळ गाव मात्र तीन किलोमीटर पुढे. तिकीट चर्चच्या दाराशी मिळत नाही, जवळच्या माहिती केंद्रातून आधी घ्यावं लागतं. आत फोटो काढायला २०२०पासून मनाई. तिथून बसने किंवा छोट्या लोकलने गावात, सेंट बार्बराच्या चर्चकडे.

रविवारी मेट्रो सीने विशेहराद हा जुना गड. तटबंदी, नदीचा सगळ्यात मोकळा देखावा, आणि संगीतकार ड्वोर्झाक आणि स्मेताना, चित्रकार मुखा आणि ‘रोबोट’ हा शब्द जगाला देणाऱ्या नाटकाचा लेखक कारेल चापेक यांच्या समाध्या असलेली दफनभूमी.

खाण्याचं शेवटी, पण शाकाहाऱ्यांनी हे आधी वाचावं. मेनूकार्डावर ‘बेझमासा यीडला’ म्हणजे बिनमांसाचे पदार्थ असा भाग असतो. त्यावर डोळे मिटून विसंबू नका, त्यात हॅमचे तुकडे निघतात. ओळखायचे शब्द पाच: मासो मांस, शुंका हॅम, स्लानिना बेकन, साड्लो डुकराची चरबी, वीवार मांसाचा रस्सा. लसणीचं चेस्नेच्का सूप नावाला निरुपद्रवी, पण ते बहुधा वीवारमध्ये उकळतात. बटाट्याचे ब्राम्बोराक आपल्या थालीपिठासारखे खमंग, तळले कशात ते विचारा. स्माझेनी सीर म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेली चीजची जाड वडी, सोबत बटाटे. घोळण्यात अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी पदार्थापुढचे बारीक आकडे वाचावेत, ते अॅलर्जीचे: १ गहू वगैरे, ३ अंडं, ४ मासे, ७ दूध. भाषा न कळता तीनचा आकडा टाळता येतो. ढाबा बेआस नावाच्या शाकाहारी खानावळी शहरात आहेत, तिथे ताटाचं वजन करून पैसे घेतात. आठवड्याच्या दिवसांत साधारण अकरा ते दोन ‘पोलेदनी मेनू’ असतो, त्यात जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. टेबलावर न मागता ठेवलेला पाव खाल्लात तर बिलात येऊ शकतो. नळाचं पाणी पिण्याजोगं, बाटली भरून घ्या.

चार्जरचं एक राहिलं. बारीक दोन पिनांचे चार्जर तिथे बसतात, लॅपटॉपची आपली तीन पिनांची जाड गोल वायर बसत नाही. भिंतीतल्या सॉकेटमधून अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते, म्हणून अडॅप्टरला तिच्यासाठी भोक आहे का ते दुकानातच बघून घ्यावं. आणि रविवारी रात्री सगळी नाणी खर्चून टाका. नोटा परत बदलून मिळतात, नाणी कोणी घेत नाही.